चिठ्ठीवरचा भारत

पांढरकवड्याच्या एका सराफाकडे मी भाचीसाठी पैंजण बघत होतो. शेजारी एक बाई लेकीच्या लग्नाची जोडवी घ्यायला बसली होती. नाव मी विचारलं नाही. प्रत्येक जोडवं ती आधी करंगळीत फिरवायची, मग दाताखाली दाबायची. शेवटी पाकिटावरची चिठ्ठी तिने तरुण दुकानदाराकडून वाचून घेतली.

"भारतात तयार केलेलं," तो ऐटीत म्हणाला. "बाहेरचा माल नाही, मावशी. आता तसं लिहाच लागते."

"भारतात ठीक हाय. पण घडवलं कोनं?"

"ते मले काय माहीत? कारखान्यात बनते."

"आमच्यात घडवणारा सोनारच मांडवात येऊन नवरीच्या बोटात जोडवं बसवते, बापू. तुह्या कारखान्यातून कोन येईन?"

मला हसू आलं. दुकानदाराला आलं नाही. त्याच्या आज्याने गावोगावच्या मांडवांत जोडवी बसवली होती, हे तो मघाशीच मला कौतुकाने सांगत होता.

"मले बसवता येत नाही, मावशी," तो हळूच म्हणाला.

बाईने चप्पल काढली, पाय स्टुलावर ठेवला आणि जुन्या जोडव्याशेजारचं रिकामं बोट पुढे केलं.

"मंग शिक. लग्नाले टाइम हाय."