सात नंबरची खोली

अमेरिकेतल्या एडिसन गावात एका साडीच्या दुकानाच्या वर एका ट्रॅव्हलवाल्या काकांचं ऑफिस आहे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पॅटागोनियातलं एखादं झकास लॉज बुक करायला आम्ही तिथे गेलो. काका खुर्चीत टिकेनातच. हातांनी हवेत डोंगर उभे करत तिथल्या एका लॉजबद्दल म्हणाले, "सात नंबरच्या खोलीत टबमध्ये बसलात की समोर अख्खी हिमनदी! सकाळी बर्फ गुलाबी होतो. पडदे लावूच नका."

"तुम्ही कितीदा गेलात?" नवऱ्याने विचारलं.

"एकदाही नाही. ग्रीन कार्ड अडकलेलं. बाहेर गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर? म्हणून जाऊन आलेल्या प्रत्येकाला इथे बसवतो आणि खोदून खोदून विचारतो."

न पाहिलेलं इतकं नेमकं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"मग आम्हाला सातच द्या," मी म्हणाले.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"त्या आठवड्यात ती नाही मिळणार."

"कोणी घेतली?"

"मी! सोमवारी कार्ड आलं, मंगळवारी बुक केली. तुम्ही शेजारची आठ घ्या ना. सकाळी चहाला आमच्याकडे या, चहा पावडर मी नेतोय."