तपासणी तिचीच झाली

आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. धाकटा भाऊ चाकणला कंत्राटावर लागला तो माझ्याच ओळखीनं. त्याची बायको तिकडं लातूरकडं, गावी. "एका खोलीत आठ जण झोपतात, बाईमाणूस कुठं ठेवणार?" असं आईला मीच सांगितलेलं. माझं कुटुंब मात्र आकुर्डीत माझ्याजवळ.

गुरुवारी खोलीवरची पोरं हायवेच्या लॉजवर जायची. भाऊसुद्धा. एकदा हटकलं तर पोरं म्हणाली, "तुमचं काय राव, वहिनी घरातच आहे!" मीही हसलो. लाज वाटते आता.

दिवाळीला तो गावी जाऊन आला आणि भावजयीला दिवस राहिले. गरोदर बाईचं रक्त दवाखान्यात तपासतातच. तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला. आधी तिचं कळलं, म्हणून आजार तिनंच आणला! हा कुठला न्याय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्यालाही घेऊन या. आईनं उडवून लावलं, "माझं लेकरू दिसभर मशीनीपुढं उभं ऱ्हातं, त्याला कुठून व्हईल?"

आम्ही दोघं भाऊ गावी पोचलो तेव्हा ओसरीवर भावकी बसली होती. भावजय दारातून म्हणाली, "भाऊजी, तुमी त्यांच्याजवळ असता. तुमीच सांगा."

भाऊ माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मला काय माहीत?"

संध्याकाळच्या एसटीनं तिचा बाप तिला माहेरी घेऊन गेला. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, मुलगी निरोगी जन्मली. तरी गावात भावजय बदफैली आणि भाऊ बिचारा! रक्त तर त्यानं अजून तपासलंच नव्हतं. वर सोडचिठ्ठी घेऊन दुसरी करायची बोलणी सुरू झाली.

मी भावजयीच्या माहेरी गेलो, सगळं कबूल केलं. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "मला काय सांगता? मला ठाऊकच हाय. जिथं मला बोल लावला, तिथं बोला."

भावाला बघायला नव्या मुलीकडची माणसं त्याच ओसरीवर आली. मुलगा पर्मनंट होईल का, तिकडं घर घेणार का, सगळं विचारून झालं. रक्ताचं कोण विचारतो? मीच म्हणालो, "आधी ह्याची तपासणी करा. आजार ह्यानं आणलाय, तिनं नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

मुलीच्या बापानं चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि उठला.

आई कडाडली, "सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस!"

त्या मुलीचं लग्न मोडलं, ती सुटली. भावजयीला आणायला मात्र घरातून अजून कुणीही गेलेलं नाही.