नकाराची रेड

मैदानावर रोज संध्याकाळी पोरं गोळा केली की किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. चपलेतून वाळू येते तसे ते आपोआप घरी येतात! मी दिवसा अलिबागला कचेरीत फायली हलवतो आणि संध्याकाळी नागावला पोरांना कबड्डी शिकवतो. बायको म्हणते, "पगार तिकडचा आणि गप्पा मात्र इकडच्या!" खरं आहे. त्यातही प्रणयच्या गप्पा काढल्या की माझं जेवण गार होतं.

प्रणय आमचा सगळ्यात भारी रेडर. समोरचे सात जण त्याला धरू शकत नाहीत. पण चेतन आणि सोहम हे त्याचे टीममधलेच दोन जिगरी नुसतं "चल ना यार" म्हणाले की गडी आऊट! एकदा तिघांनी केस रंगवायचं ठरवलं. "आधी तू बस, मग आम्ही," असं म्हणून दोघांनी यालाच खुर्चीत बसवलं. डोकं उकडलेल्या कोळंबीसारखं लालभडक झालं. ते बघून त्या दोघांनी आपला बेत रद्द केला!

दुसऱ्या दिवशी त्याची आई मैदानावर हजर. "सर, केसांचं काय न्हाय, वाढतील. पन उद्या कुनी हातात बाटली दिली तर? ह्याला न्हाय म्हनताच येत न्हाय हो. तेवढं शिकवा."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मला त्या माउलीचं फार वाईट वाटलं आणि मी तिथल्या तिथे कबूल करून बसलो.

*

शिकवायचं कसं, हे मला कुठे माहीत होतं? मला येते कबड्डी. म्हणून मी नकाराची रेड सुरू केली. सात जण रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात कोकम सरबताचा ग्लास. ती दारू समजायची. प्रत्येकाने "घे रे, काय होतंय!" म्हणून आग्रह करायचा आणि रेडरने सगळ्यांना नाही म्हणून परत यायचं.

पहिली रेड प्रणयची. परत आला तेव्हा सातही ग्लास रिकामे!

"अरे, हे काय?"

"सर, पहिल्याला न्हाय म्हटलं ना, तर त्याचं तोंडच पडलं हो!"

*

बाकीची पोरं मात्र भराभर तयार झाली. इतकी, की चेतनच्या आईचा मला फोन.

"सर, वाडीत नारळ पडलेत, उचल म्हटलं, तर म्हनतो माझ्यावर दबाव टाकू नको. हे तुम्ही शिकवलंत?"

"हो, म्हणजे..."

"मग नारळ उचलायला तुम्हीच या!"

गेलो. सांगतो कुणाला!

*

एकदा मीच पोरांना म्हटलं, "बीचवर आणखी एक राउंड मारा." अख्खी टीम एका सुरात ओरडली, "नाही सर!" त्यात प्रणयचा आवाज सगळ्यात मोठा. मला काय आनंद झाला! त्याला जवळ घेतलं, पाठ थोपटली.

"शाब्बास! कसं काय जमलं रे?"

"सगळे म्हनाले म्हनून मीपन म्हनालो, सर."

*

मग त्याच्या चुलत भावाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे डीजे, मटण आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्या भावांनी प्रणयला मांडवात घेरलं. एकाच्या हातात ग्लास. "एकच घोट! भावाच्या हळदीला न्हाय म्हनतोस?"

प्रणयने दम धरला, "कबड्डी कबड्डी कबड्डी" सुरू केलं, एकाच्या बगलेखालून निसटला, दुसऱ्याला चकवलं आणि थेट घराच्या पायरीला हात लावला!

खुर्चीत बसलेले त्याचे काका कळवळून म्हणाले, "अरे, येवढ्या पोराला इतकी कुनी पाजली रे?"

*

तरीही चेतन आणि सोहम समोर आले की याची गाडी अडायचीच. त्याच्या आईला काय सांगायचं, हा घोर मला होताच.

एका रविवारी ओहोटी होती. किनाऱ्यापासून आत एक काळं खडप, म्हणजे खडकाचा पट्टा आहे, पाणी ओसरलं की तिथे चालत जाता येतं. तिथे जाऊन रील काढायचा चेतन-सोहमचा बेत. प्रणयही किनाऱ्यापर्यंत गेला, पण ऐन वेळी पाय अडले. "तुम्ही जा, मी हितंच हाय," म्हणाला.

थोड्या वेळाने मला त्याचा फोन. आवाजात नुसता उत्साह!

"सर, ते दोघं खडपावरनं सारखे हात करतायत, शर्ट काढून हलवतायत, बोलवतायत मला! पन मी गेलो न्हाय. पाठ करून उभा हाय!"

"पाठ कशाला केलीस? वळ आधी! पाणी कुठवर आलंय बघ!"

तो वळला असावा.

"आयला! सर, भरती!"

"अरे, ते बोलवत नाहीत, वाचवा म्हणतायत! वॉटर स्पोर्ट्सवाल्यांकडे पळ. फोन ठेवू नको!"

मग मला नुसती धाप ऐकू येत होती, मग ओरडाआरडा, मग बोटीचं इंजिन दूर गेलेलं आणि परत आलेलं. दोघंही धडधाकट आले, देवाची कृपा!

तेवढ्यात चेतनचा आवाज आला, दात वाजताहेत. "प्रणय, सरांना सांगू नको हां. आपल्या दोस्तीची शपथ!"

सोहमही रडकुंडीला आला होता. "एवढंच ऐक ना यार, प्लीज!"

मी फोन कानाला घट्ट लावला.

मग प्रणय म्हणाला, "न्हाय. फोन चालू हाय. तुम्हीच सांगा!"