सिस्टरचा एस्पेरा

दवाखान्यात वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. टिंक्चरच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. कोणी फेकत नाही. चार मित्र जमले की "कंपाउंडर, सिस्टरचा एखादा होऊन जाऊ दे!" अशी फर्माईश ठरलेली. सिस्टर म्हणजे वणीजवळच्या आमच्या मिशन दवाखान्यातल्या नन, आणि डॉक्टरीणबाईही त्याच. साठ सालानंतर स्पेनहून आल्या. मराठी झपाट्याने शिकल्या, पण एक शब्द काही सुटला नाही. "एस्पेरा!"

त्याचा अर्थ सुरुवातीला आम्हाला कोणी सांगितला नाही. आमचा आम्हीच लावला, आणि प्रत्येकाने आपापला!

* * *

पहिला मान रहीमचाचांचा. ते जीपचे ड्रायव्हर आणि मेकॅनिकही. जीपसमोर म्हैस आडवी आली, सिस्टर "एस्पेरा!" म्हणून ओरडल्या, चाचांनी कचकन ब्रेक मारला. झालं! एस्पेरा म्हणजे थांब.

पुढे सिस्टर मागच्या सीटवर आपल्याच भाषेत प्रार्थना पुटपुटत असायच्या. त्यात तो शब्द आला रे आला, की जीप भर रस्त्यात उभी!

"चाचा, काय झालं?"

"आपनेच बोला ना जी! जीप आपकी, हुकूम आपका!"

* * *

शांताबाई आमच्या आया. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या आणि तेव्हापासून कोणापुढेही मान न झुकवणाऱ्या. एका पोराला टायफॉइड झाला होता. त्याचा बाप रोज विचारायचा, "पोरगा वाचन काय जी?" सिस्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "एस्पेरा."

मी चाचांच्या डिक्शनरीवर विसंबून त्याला सांगितलं, "थांब म्हणताहेत." बिचारा भिंतीला टेकून उभाच राहिला! शांताबाई माझ्यावर उखडल्या.

"खांद्यावर हात ठेवून कोनी थांब म्हन्ते काय? आस ठेव म्हनून राह्यल्या त्या. बस रे बापू, च्या पे."

चहा झाला, पोराचा तापही पुढे उतरला, पण आमचा वाद मिटेना. शेवटी सिस्टरनाच विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "दोन्ही. आमच्याकडे वाट बघणं आणि आशा ठेवणं, एकच शब्द."

चाचांनी मान डोलावली. "मतलब एसटी तुमच्या मुलखातबी चालते!"

* * *

एकदा बाजाराच्या दिवशी जीपमधून जाताना सिस्टरना रस्त्याने एक बाई दिसली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, पोट चांगलंच पुढे आलेलं. सिस्टर मला म्हणाल्या, "ती बघा, एस्पेरा." म्हणजे तिला दिवस गेलेत. हा तिसरा अर्थ मला तेव्हा कळला.

चाचांना तो कळला नाही. त्यांनी सवयीने ब्रेक मारला! बाईला गाठोड्यासकट जीपमध्ये घेतलं.

"देखा?" चाचा म्हणाले. "माझाच मतलब कामाचा!"

* * *

आता कौसाबाईचा किस्सा. ही जवळच्या खेड्यातली सासू. थोरल्या मुलाच्या बायकोची तीन बाळं जन्मताच गेलेली. चौथ्या वेळी मूल आडवं होतं, म्हणून सिस्टरनी सुनेला आधीच दवाखान्यात आणून ठेवायला लावलं. "घरी बाळंत झाली तर बाळच काय, आईसुद्धा वाचणार नाही," असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

आणि एके दुपारी सिस्टर व्हरांड्यात बसून पिवळ्या लोकरीचं टोपडं विणू लागल्या! आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी चिंधीसुद्धा शिवत नाहीत. हे त्यांना कोण सांगणार? कौसाबाईने ते पाहिलं आणि तिचा बांधच फुटला.

"लेकरू पोटात हाये अन् टोपडं काहून इनता? तीन लेकरं मातीत देल्ली म्या! आमी पाळन्याची दोरीबी काढत नाही आधी!"

तिने सुनेचं बोचकं बांधलं. मुलाला बैलगाडी जुंपायला सांगितलं. मी समजावलं, शांताबाईंनी समजावलं, चाचांनी तर हात जोडले. ती कोणाचं ऐकेना. सून खाटेवर मुकाट रडत होती.

सिस्टरनी सुया काढून घेतल्या आणि बोचक्याशी बसलेल्या कौसाबाईच्या समोर अर्धं झालेलं टोपडं उसवायला लागल्या. ओळीमागून ओळ. सगळी लोकर पुन्हा गुंडाळून त्यांनी तो गुंडा कौसाबाईच्या ओटीत ठेवला, आणि दोन्ही हात रिकामे करून तिच्या शेजारी फरशीवर बसल्या.

"एस्पेरा," म्हणाल्या.

कौसाबाईने शांताबाईंकडे पाहिलं. "काय म्हन्ते थे?"

"तुह्यासंग बसतो म्हन्ते," शांताबाई म्हणाल्या. हा अर्थ कुठून काढला, देव जाणे!

बराच वेळ दोघी तशाच बसल्या. मग कौसाबाईने मुलाला हाक मारली, "बैल सोड रे."

सून दवाखान्यातच सुखरूप बाळंत झाली. मुलगी! रडली ती अशी, की चाचा जीपखालून बाहेर आले. शांताबाईंनी डोळे पुसले, मीही पुसले.

पुढे वर्षभराने कौसाबाई एकटीच आली. वणीच्या बाजारातून आणलेली नवी लोकर तिने सिस्टरच्या टेबलावर ठेवली.

"धाकट्याच्या लेकरासाठी टोपडं इना जी."

सिस्टर खूश! "अरे वा! धाकट्या सुनेला कितवा महिना?"

"सून कुठची जी?" कौसाबाई म्हणाली. "पोरगी पाहून राह्यलो आमी. तुमी इना."