मालक ‘ग्रँड’ म्हणाला

माझा जावई शैलेंद्र म्हणजे सरळ माणूस. राहतो इकडे परदेशात, एनिसला, नोकरीला शॅननला जातो. घर भाड्याचं, पण करार असा की काही वर्षांनी ठरल्या भावात तेच घर विकत घ्यायचा हक्क त्याचा. त्यापायी तो भाडंही चढं द्यायचा.

घरावर मालकाचं बँकेचं कर्ज होतं. सहीच्या वेळी जावयाने विचारलं, “या कराराला बँक हो म्हणाली ना?”

“ग्रँड, ग्रँड,” मालक म्हणाला.

जावयाला वाटलं, बँकेने अगदी थाटात मंजुरी दिली. अहो, इथे ग्रँड म्हणजे नुसतं ‘बरंय’; धो धो पावसातही शेजारीण दिवसाला ग्रँड म्हणते!

पुढे मालकाचे हप्ते थकले आणि बँकेने घर विकायला काढलं. वकीलबाई म्हणाल्या, “बँकेची लेखी संमती नाही, म्हणून बँक हा करार मानणार नाही. सहीआधी मला दाखवायचा होता.”

माझी लेक रेवती चिडली. “अरे, कोथिंबिरीची जुडी हुंगून घेतोस, आणि घर एका शब्दावर?”

“माणूस चांगला वाटला गं.”

शनिवारी लोक घर बघायला आले. एका बाईने जावयालाच विचारलं, “भिंतींना ओल येते का?” ओल नव्हतीच, पण हो म्हणाला असता तर गिऱ्हाईक पळालं असतं. मी मनात म्हटलं, देवा, एवढं एक खोटं त्याला माफ कर.

जावई म्हणाला, “नाही हो, घर कोरडं आहे. हिवाळ्यातही छान ऊब राहते.”

रेवती आत निघून गेली. मी तरी काय करणार? त्या बाईला चहा विचारला.