मांडीवरचा एक्स्कॅव्हेटर

सांगलीच्या एसटीत पाटणला तो माझ्याशेजारी बसला. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर प्लास्टिकच्या विटा जोडून केलेला छोटा एक्स्कॅव्हेटर. कोयनेच्या कामावर तो खरा चालवायचा. या विटा आणि सेलवरची मोटर तिथल्या परदेशी साहेबानं जाताना दिली होती.

“पोरगी बघाय चाललोय,” तो म्हणाला. “मागच्या पावण्यास्नी वाटलं, मी कुदळीनं खड्डं खांदतो. न्हाई म्हनले.”

त्यानं बटण दाबलं. यंत्रानं माझ्या तळहातावरचे शेंगदाणे उचलून पलीकडच्या म्हातारीच्या ओच्यात टाकले. तिनं ते खाल्ले.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तो रिकाम्या हातानं चढला.

“जमलं का?” मी विचारलं.

“यंत्र पोरीनं ठिवून घेतलं,” तो म्हणाला. “माझं मागनं कळवत्यात.”