गंगाधर सरांची नक्कल

डोंगरकड्याच्या शाळेत मी रुजू व्हायला गेले, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून घोगरा, दरडावणारा आवाज आला, "पहिल्याच दिवशी उशीर? लगेच बदली करून घेता का?" घाम पुसत आत गेले, तर खुर्ची रिकामी आणि तिच्यामागे एक काटकुळा माणूस तोंड दाबून हसत उभा. मुख्याध्यापक पंचायत समितीत गेले होते. खुर्चीमागचे हे आमचे गंगाधर सर. खरे मुख्याध्यापक दुपारी आले आणि बोलले, तेव्हा मला हसू आवरेना. आवाज तोच, खाकरणंही तेच.

सर इतिहास शिकवायचे, पण गावाला ते ठाऊक होते नकलांसाठी. तलाठी, कीर्तनकार, केळीचा व्यापारी, खुद्द स्वतःचे सासरे, कुणी सुटलं नव्हतं. आवाजापेक्षा त्यांचा जीव माणसाच्या चालण्यावर. "तोंड खोटं बोलतंय मॅडम, चाल न्हाई बोलत," असं ते म्हणायचे. कुणी रागावलं तर दुसरं वाक्य तयार असे, "नक्कल म्हंजे मानपत्र हाय. फुकट भेटून राहिलं तर घ्या की."

त्यांची सगळ्यात गाजलेली नक्कल शेजारच्या नामदेवकाकांची. काका चार पावलं चालले की मान वळवून मागे बघत, रुमालाने तोंड पुसत, पुन्हा चालू लागत आणि पुन्हा मागे बघत. शाळेच्या स्नेहसंमेलनात सर नुसते या टोकाकडून त्या टोकाला असे चालत गेले की मांडव डोक्यावर घेतला जाई. काकाही पहिल्या रांगेत बसून हसत. गावातलं गावात होतं तोवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग औंढ्याकडे एका सिनेमाचं चित्रीकरण आलं. गोष्ट अशी, की खेड्यातला एक साधा खतविक्या मुंबईला जातो आणि पोलीस, गुंड, सगळेच त्याला गुप्तहेर समजून बसतात. नायकाला खेड्यातल्या माणसासारखं चालता येईना. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. सरांनी त्याला नामदेवकाकांची चाल दिली. हा माणूस सारखा मागे बघतो म्हणजे नक्कीच हेर असणार, या एका गैरसमजावर दिग्दर्शकाने अख्खा सिनेमा उभा केला. सर परत आले ते दोन बोटं उंच होऊनच.

हिंगोलीच्या टॉकीजला तो लागला, तेव्हा अर्धं गाव टमटम करून गेलं. बाहेर पडताना ज्याचं त्याचं मत ऐकण्यासारखं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, कथेत दम नाही. पोरं म्हणाली, मारामारी कमी पडली. सरांच्या बायकोला, शोभावहिनींना, नायिकेच्या साड्या आवडल्या. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की हिरोचं चालणं एक नंबर. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीतून मतांचा पाऊस पडला. 'हा तर आपला नामदेवकाका', 'काकाला पण बक्षीस द्या', 'डोंगरकड्याचा जासूस'. सर ती मतं स्टाफरूममध्ये वाचून दाखवत आणि आम्ही हसत होतो. मीही पोट धरून हसले.

काकांचं नाव जासूस पडलं. पोरं त्यांच्या पुढून चालत आणि चार पावलांवर मागे वळून बघत. कुठूनसे आलेले व्यापारीसुद्धा 'ते सिनेमातले काका हेच का' असं विचारू लागले. काकांनी मागे बघणं बंद केलं. मान अशी ताठ ठेवून चालत, जणू कुणी काठी बांधली आहे.

बाजाराचा दिवस होता. आम्ही शाळेतले तिघे-चौघे हॉटेलात चहा घेत होतो. समोरून काका आले आणि त्यांच्या मागे, आपल्याकडे बाया चालतात तशा, थोडं अंतर ठेवून त्यांची बायको, कौसाकाकू. मागून टेम्पो हॉर्न देत होता. काकू सरळ रस्त्याच्या मधून चालत राहिल्या. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला तरी त्यांना धक्का लागलाच. त्या पडल्या, कोपर सोलवटलं, भाजी रस्ताभर झाली. टेम्पोवाला उतरून काकांवरच ओरडला, की बाई बहिरी आहे तर मागं बघत चालता येत नाही का. काका खाली बसून तिचं कोपर रुमालाने पुसत राहिले.

सरांचा चहा तसाच राहिला. ते म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई म्हनून ते मागं बघायचे. मला ठावं व्हतं मॅडम. भिंतीला भिंत हाय आमची. नक्कल करता करता ते कारणच गळून गेलं माझ्याकडून."

त्याच संध्याकाळी सर काकांकडे माफी मागायला गेले. काकांनी खाट झटकून दिली, पाणी दिलं, हळदीचा भाव सांगितला, सोयाबीनवरच्या किडीचं बोलले. सिनेमाचा विषय सरांनी काढला की काका उठून जनावरांकडे बघून येत. सर तसेच परतले. त्या दिवसानंतर त्यांनी कुणाची नक्कल केली नाही. पोरांनी गळ घातली तर फळ्याकडे तोंड करून उभे राहत. इतका शरमलेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता.

पुढच्या बाजारी काकांनी तोडगा काढला. कौसाकाकू पुढे आणि काका त्यांच्या मागे. झालं, गावाला नवं खाद्य मिळालं. बायकोच्या मागं चालणारा गडी कुणी पाहिला होता? काकू लाजून अर्ध्या झाल्या, पण काका चालत राहिले.

त्याच्या पुढच्या बाजारी शोभावहिनी पिशवी घेऊन पुढे आणि सर खाली मान घालून मागे. वहिनी आधी तयारच नव्हत्या, लोक मला काय म्हणतील म्हणून भांडल्या होत्या. बाजार खदखदून हसला. सरांनी पुन्हा काकाची नक्कल सुरू केली, आता तर बायकोलाही घेतलं जोडीला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. काकांनी एकदा सरांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सर थांबले नाहीत. दर बाजारी तसेच. मी म्हटलं, सर, काकांनाही ही चेष्टाच वाटते आहे, सांगून तरी टाका. ते म्हणाले, "माझ्या तोंडावर आता कोन भरोसा ठेवंल? दोघं दिसले तर हसू दोघांत वाटून जाईल. तेवढंच."

हळूहळू लोकांना त्या दोन जोड्यांची सवय झाली, हसणं विरलं. नामदेवकाका सरांशी पीकपाण्याचं तेवढं बोलत. त्यापलीकडे काही नाही. गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले.

तेराव्याला मी गेले तेव्हा काका अंगणात एकटे बसले होते. मला राहवेना. म्हटलं, काका, सर तुमची थट्टा करत नव्हते हो.

"ठावं हाय मला," काका म्हणाले. "पयल्याच बाजारी समजलं व्हतं."

मग सरांना कधी तसं म्हणालात का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. रुमाल काढला, पण तोंडाला लावला नाही, हातातच चुरगाळत राहिले.

"न्हाई म्हनलो. राग व्हता. म्हनलं, चालू द्या अजून थोडं. लई चालवलं मी त्यायला."